तांब्या ठेवा, गळ न्या

मी लोखंडाचा एक जुना गळ आहे, पण मासे धरायचा नव्हे. मित्रांनो, हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण हल्लीची मुलं मला पाहिलं की लगेच विचारतात, याला आमिष कुठं लावायचं? मी विहिरीत पडलेली भांडी काढायचा गळ. वर एक जाड कडी, कडीखाली साखळी आणि साखळीच्या टोकाला चहूबाजूंनी वाकवलेल्या आकड्यांचा घोस, असं माझं रूप. देखणा मी कधीच नव्हतो. पण दोर तुटून पोहरा तळाला गेला, की गावातली भली भली माणसं माझ्या नावानं दारात येऊन उभी राहायची. तेव्हा माझा भाव काय वधारायचा म्हणता!

माझा जन्म माळेगावच्या जत्रेतला. लोह्याजवळच्या या जत्रेत घोडे, गाढवं, उंट, बैल असं सगळं विकायला येतं. तिथं एका घिसाड्यानं रस्त्याच्या कडेला भाता मांडला होता. मोडक्या गाडीच्या चाकाची लोखंडी धाव तापवून त्यानं मला घडवलं. त्याची बायको घण घालायची आणि तो मला सांडशीत धरून वळवायचा. देवणीकडचे सटवाजी नावाचे शेतकरी तिथं आपला गोऱ्हा विकायला आले होते. गोऱ्हा विकला गेला आणि परतताना त्यांनी मला घेतलं, कारण घरी त्यांच्या नव्या नवरीची माहेरची पितळी घागर विहिरीत पडली होती आणि नवरीनं अन्न सोडलं होतं. त्या नवरीचं नाव गुरम्मा.

घागर मी पहिल्याच फेरीत वर आणली. गुरम्मा आधी रडली, मग हसली आणि मग सासूच्या देखत माझी दृष्ट काढली. लोखंडाची दृष्ट काढणारी बाई मी तरी दुसरी पाहिली नाही. मला तिचा तेव्हापासून लळा लागला, तो कायमचा. पुढं तिनं जे केलं, ते सांगतानाही माझा लळा काही कमी होत नाही.

माझ्यासाठी नियमही तिनंच घातला. एकदा मला कुणी घेऊन गेलं आणि परत आणायचं विसरलं. मी त्यांच्या गोठ्यात शेणात पडून राहिलो. गुरम्मानं स्वतः जाऊन मला शोधून काढलं आणि त्या घरचा असा काही उद्धार केला, की पुन्हा कुणाची तशी छाती झाली नाही. त्यानंतर ओट्यावर पाय ठेवणाऱ्याला ती एवढंच म्हणायची, "तांब्या ठेवा, गळ न्या." गळ परत आला की तांब्या परत. मग पाटलाची सून असो की सुताराची, तांब्याशिवाय मी खुंटीवरून हलायचो नाही.

गाव आपल्या विहिरींना वरून ओळखायचं, मी तळातून ओळखायचो. कुठल्या विहिरीत खडक आहे, कुठं गाळ, कुठं झरा कोणत्या कपारीतून येतो, हे माझ्या आकड्यांना ठाऊक. पोहरे, कळशा, चरव्या, एकदा तर एका जावयाचं घड्याळ मी काढलं. एका मोठ्या घरच्या विहिरीतून मी काय काढलं, ते मात्र सांगत नाही. त्यांची नातवंडं हे वाचत असतील.

एका जागी मात्र मला कधी नेत नसत. गावाच्या उगवतीला एक बारव होती. बारव म्हणजे खालपर्यंत दगडी पायऱ्या असलेली जुनी विहीर. तिच्यात साती आसरा राहतात, असं गाव मानायचं. आसरा म्हणजे पाण्यातल्या सात देवता. रागावल्या तर माणसाला खाली ओढतात, असं म्हणत. त्या भीतीनं गावानं बारव टाकून दिली आणि ती गाळानं भरली. बारवेपलीकडं बौद्ध वस्ती होती. तिथल्या लोकांना गावाच्या विहिरीवर पाणी भरू देत नसत. छप्पन साली त्यांनी धम्माची दीक्षा घेतली, देव-देवस्की सोडली आणि पुढच्याच उन्हाळ्यात बायका-माणसांनी मिळून बारवेतला गाळ उपसला. तेव्हापासून ती बारव त्यांची झाली. त्यांचं एखादं भांडं पडलं तर ते बुडी मारून काढत. गुरम्माच्या ओट्यावर त्यांचा तांब्या चालत नव्हता, आणि गावातल्या कुणाला त्यात काही वावगंही वाटत नव्हतं.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. तेव्हा आमचं गाव उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. लातूर जिल्हा व्हायला अजून दहा वर्षं जायची होती. सटवाजी तोवर वारले होते. त्यांचा मुलगा लिंबाजी रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायचा आणि बाजाराच्या दिवशी तेवढा घरी यायचा. घरात गुरम्मा, सून चांगुणा आणि चांगुणाची तान्हेपणातून नुकतीच उठलेली शिवकन्या. खायला मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या तांबड्या ज्वारीची भाकरी आणि सरकारी सुकडी. एकामागून एक विहिरी आटल्या. मी खुंटीवर लटकून राहिलो, कारण पाणीच नाही तर पोहरा पडणार कशात?

शेवटी पाणी उरलं ते बारवेत. ज्यांना आपल्या विहिरीवर येऊ दिलं नाही, त्यांच्या बारवेवर सगळं गाव घागरी घेऊन आलं. वस्तीतली कोंडाबाई वयानं मोठी, सगळे तिचं ऐकायचे. गावाला वाटलं, आता ही जुनं सगळं काढणार. ती म्हणाली, "भरा की. पाणी काय आमी घरून आनलंय?" आणि वाट सोडून उभी राहिली.

वस्तीच्या बायका पायऱ्या उतरून पाणी भरायच्या. गावाच्या बायका आसरांच्या भीतीनं खाली उतरत नसत. वरच्या कठड्यावरून दोर सोडून शेंदायच्या. दोर लांब, हात सवयीचे नाहीत. पोहरे पडू लागले आणि माझे दिवस फिरले. चांगुणानं मला पहिल्यांदा बारवेत सोडलं तेव्हा मी खूश होतो. पण पाण्यात शिरताच काहीतरी गुळगुळीत, जिवंत, मनगटाएवढं जाड माझ्या साखळीला घासून गेलं. मग दुसरं. मग तिसरं. इतक्या विहिरी पाहिल्या, पण तळात माझी अशी चाचपणी कुणी केली नव्हती. मला ते मुळीच आवडलं नाही.

दोन-तीन दिवसांनी, झुंजुमुंजू व्हायच्या वेळी, चांगुणा मला खांद्यावर टाकून आली आणि कठड्यापाशीच थबकली. खालच्या ओल्या पायरीवर काहीतरी सरपटत होतं. काळपट अंग, सापासारखं चपटं डोकं. ते छातीच्या परांवर रेटा देत पुढं सरकलं, दगडाच्या फटीतला रातकिडा त्यानं गपकन् धरला आणि गिळला.

"आगं माय! साप!" चांगुणा ओरडली.

कोंडाबाई खालून वर येत होती. तिनं वळून पाहिलं. "साप न्हाई वं. मरळ हाय. मासा."

"मासा? कोरड्यावर?"

"तळं आटलं की चिखलातून सरपटत जातंय ते. तोंडानं हवा घेतंय. ओल हाय तवर त्याला काय होत न्हाई. किडं खायाला आलंय वर." मग तिनं खाली पाण्याकडं पाहिलं. "पर एवढं वर कवा येत नव्हतं."

चांगुणानं ते घरी जसंच्या तसं सांगितलं. गुरम्माची भाकरी तव्यावर तशीच राहिली.

"मासा कवा पानी सोडून यील का?" ती म्हणाली. "आसरा हायेत त्या. वस्तीनं बारवंत हात घातला, अन् आता आपुनबी तिथलं पानी प्यायलाव. मनून वर यायलेत."

दुपारपर्यंत ही खबर गावभर झाली. दुसऱ्या दिवशी पहिला नैवेद्य पडला. गुरम्मानं घरातला शेवटचा तांदूळ शिजवला, विरजण मागून आणलं आणि दहीभाताचा गोळा, नारळ, हळदकुंकू आणि हिरवा खण असं सगळं कठड्यावरून पाण्यात सोडलं. मग घरोघरी तेच सुरू झालं. मित्रांनो, लेकरांच्या ताटात सुकडी आणि पाण्यात दहीभात, असे ते दिवस होते. कुणी वेडं म्हणून करत नव्हतं. भीतीपोटी करत होते, आणि आपापल्या लेकरांसाठीच करत होते.

पोहरे काढायला मी रोज खाली जायचो, म्हणून तळाशी काय चाललंय ते मला कळत होतं. भाताचा चिकट लगदा साचत होता. नारळ फुटून कुजत होते. खणांना शेवाळ धरलं होतं आणि ते माझ्या आकड्यांना मिठी मारायचे. पाणी जड झालं होतं. मरळांना त्यात श्वास पुरेना, म्हणून ते आणखी वर यायला लागले. ते वर आलेले पाहून गाव म्हणू लागलं, आसरांचं पोट भरलं नाही. मग आणखी दहीभात. मग आणखी मरळ. हे चक्र कुठं जाणार, ते मला दिसत होतं, आणि सांगायला माझ्याकडं होते ते फक्त वाकडे आकडे.

कोंडाबाईनं सांगून पाहिलं. "बायांनो, निवद ठिवायचा तर काठावर ठिवा. पान्यात टाकू नका. पानी नासायलंय."

"तुमी देव सोडलाव," एक बाई वरून म्हणाली, "तुमाला काय कळतंय त्यातलं?"

कोंडाबाईनं आपली घागर उचलली. पण त्या दिवसापासून वस्तीच्या बायका पाणी उकळल्याशिवाय पीत नव्हत्या. तिचा दीर रामकिशन उदगीरच्या दवाखान्यात कामाला होता, त्यानं तसं बजावलं होतं. गावात सरपण जळायचं ते भाकरीपुरतं. पाणी उकळत कोण बसतं?

एके सकाळी चांगुणानं दार उघडलं आणि तिचा पाय मागं आला. उंबऱ्यापासून हातभर अंतरावर एक मरळ पडला होता. मेलेला. त्याच्या तोंडात अर्धा नाकतोडा होता आणि अंगाला माती चिकटली होती. बारवेपासून आमच्या दारापर्यंत ओली रेघ होती. ती बायकांच्या हिंदकळणाऱ्या घागरींनी पडलेली, रोजचीच. त्या ओलीच्या धारेनं, वाटेतले किडे टिपत टिपत तो मासा गावात शिरला होता, आणि आमच्या दारापाशी ओल संपून तिथंच मेला होता. मी खुंटीवरून ते पाहत होतो. मेलेल्या माशाची मला भीती वाटायचं कारण नव्हतं, तरी वाटली.

गुरम्मा बाहेर आली. तिनं माशाकडं पाहिलं, मग आत झोपलेल्या शिवकन्येकडं पाहिलं.

"दारापतूर आल्या," ती म्हणाली.

त्याच दुपारी शिवकन्येला उलट्या सुरू झाल्या, आणि मग हगवण. संध्याकाळपर्यंत पोरीचे डोळे खोल गेले. आई म्हणायलाही तिच्या अंगात त्राण उरलं नाही. चांगुणा तिला पदराखाली धरून बसली. लिंबाजी बाजाराच्या दिवसाशिवाय येणार नव्हता, उदगीरला न्यायला गाडी नव्हती. गावात आणखी चार घरांत हेच सुरू झालं होतं. दिवस उजाडेपर्यंत पलीकडच्या आळीतलं एक लेकरू गेलंही.

सकाळी उन्हं वर आली तेव्हा कोंडाबाई आमच्या दारात आली. आमच्या ओट्यावर ती आयुष्यात पहिल्यांदाच आली असावी. तिनं घासून लख्ख केलेला एक तांब्या ओट्याच्या कडेला ठेवला आणि दोन पावलं मागं सरून उभी राहिली.

"काकू," ती गुरम्माला म्हणाली, "गळ द्या. आमचं मानूस बुडी मारून बगितलं, पर खाली टिकना. डोळं जळायलेत. तळाला सगळं सडलंय. ते काढू द्या, न्हाईतर समदी लेकरं जातेत. तुमचीबी अन् आमचीबी."

गुरम्मानं तांब्याकडं पाहिलं. तिचा चेहरा मला दिसत होता. त्यात राग कमी होता आणि भीतीच जास्त होती. आधीच आसरा दारापर्यंत आलेल्या, त्यात आता बाटाबाट झाली तर नात हातची जाईल, असं तिला खरोखर वाटत होतं.

"तेवढा तांब्या उचल, कोंडे," ती म्हणाली. "या ओट्यावर तुमचा तांब्या कवा आला न्हाई. आजच कामून?"

"नेम तुमचाच हाय काकू. तांब्या ठिवा, गळ न्या."

"तो गावाला हाय."

गुरम्मानं काठीच्या टोकानं तांब्या ओट्याखाली ढकलला. तो दगडावर आपटला आणि घरंगळत गेला. आवाज सगळ्या आळीला ऐकू गेला. कोंडाबाईनं वाकून तो उचलला, पदरानं पुसला आणि निघून गेली. चांगुणा पोरीला घेऊन दाराच्या आत उभी होती. तिनं सगळं पाहिलं. मला त्या दिवशी लोखंड असल्याची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी पहाट सरता सरता गुरम्मा आणि चांगुणा बारवेवर गेल्या. पोरीला शेजारणीपाशी ठेवलं होतं. मीही चांगुणाच्या खांद्यावर होतो. आदल्या दिवशी पडलेला घरचा पोहरा अजून तळाशीच होता. गुरम्मानं आपल्या हातातले चांदीचे गोट काढले. लग्नातले होते ते, कधी उतरले नव्हते. साबण लावावा लागला काढायला. तिनं ते पाण्यात टाकले. मग ती, जी कधी पायऱ्या उतरली नव्हती ती, नातीसाठी थेट पाण्यापर्यंत उतरली. तीर्थ म्हणून तीन ओंजळी स्वतः प्याली आणि शिवकन्येसाठी गडवा भरून घेतला.

चांगुणा तिच्यामागं उतरली आणि मधेच थांबली. दोन्ही बाजूंच्या पायऱ्यांवर मरळच मरळ होते. ओळीनं बसल्यासारखे, सगळ्यांची तोंडं उघडी. कुणी किडे टिपत होतं, बाकीचे नुसते हवा ओढत होते. त्यांच्या मधोमध, एका पायरीवर, काल कुणीतरी टाकलेला दहीभाताचा गोळा अडकून पडला होता. तो जसाच्या तसा होता. एक मरळ त्याच्या अंगावरून सरकत गेला, पलीकडची गोम त्यानं पकडली. भाताला तोंडही लावलं नाही.

"आत्याबाई," चांगुणा हळूच म्हणाली, "निवद कुनीच शिवंना."

"चल वर."

"आसरा असत्या तर खाल्ला नसता का? तुमी सांगताव भुकेल्या हायेत. मंग कामून खाईनात?"

 गुरम्मा गडवा सांभाळत वर गेली. चांगुणा वाकली आणि तिनं पाणी हातात घेऊन हुंगलं. शिवकन्येच्या ओकारीला जो वास होता, तोच वास. ती धावत वर आली, सासूच्या हातातला गडवा तिनं हिसकावला आणि मातीत पालथा केला.  सुनेनं सासूच्या हातून काही ओढून घ्यावं, हे त्या घरात आजवर घडलं नव्हतं.

"पोरीच्या मरनाला तू जिम्मेदार," गुरम्मा म्हणाली.

चांगुणा घराकडं गेलीच नाही. मला खांद्यावर तसंच ठेवून ती वस्तीकडं चालू लागली. भरदिवसा, सगळ्यांच्या देखत. कोंडाबाई चुलीपुढं होती. चांगुणानं मला तिच्या अंगणात ठेवलं.

"घ्या गळ."

कोंडाबाई उठली. हात लावायच्या आधी तिनं विचारलं, "काकूनं दिला?"

"मी दिला," चांगुणा म्हणाली. "तांब्या द्या. आमच्या घरचा नेम हाय."

 कोंडाबाईनं आत जाऊन तोच तांब्या आणला. एका बाजूला त्याला पोचा आला होता. तो तिनं उकळून गार केलेल्या पाण्यानं भरला आणि त्यात मीठ-गूळ विरघळवला. "रामकिशननं सांगितलंय," ती म्हणाली. "घोट घोट देत ऱ्हा. पोरगी ओकली तरी दे. सोडू नगं."

चांगुणा तांब्या पदराखाली धरून पळत सुटली.

मित्रांनो, त्या दिवशी मी जे काम केलं तसं आयुष्यात केलं नव्हतं. वस्तीतल्या बायका दोराला लागल्या. मी खाली जायचो आणि तळातला लगदा, नारळ, खण, बांगड्यांच्या काचा, मेलेले मासे ओढून आणायचो. वास असा की ओढणाऱ्या बायका तोंडाला पदर बांधून काम करत होत्या. गावाच्या बायका लांब उभ्या राहून पाहत होत्या. मग त्यांच्यातली एक पुढं आली, आणि मग आणखी एक. लेकरू गेलेल्या घरची बाई आली आणि तिनं कुणाला न विचारता दोर धरला. संध्याकाळी मी गुरम्माचे गोट वर आणले. पुढचे कितीतरी दिवस हेच सुरू राहिलं, आणि पाणी हळूहळू हलकं होत गेलं. मरळ पायरी पायरीनं खाली सरले.

शिवकन्या वाचली. रात्रभर ती तांब्यातलं पाणी ओकत होती आणि चांगुणा पुन्हा घोट देत होती. उजाडताना पोरीनं आपणहून तोंड उघडलं.

पण गुरम्माच्या पोटात तीन ओंजळी गेल्या होत्या. तिलाही त्याच रात्री उलट्या-हगवण सुरू झाली. मी तेव्हा बारवेवर होतो, म्हणून घरात काय झालं ते मला दिसलं नाही. तिसऱ्या दिवशी चांगुणा सुजलेल्या डोळ्यांनी बारवेवर आली आणि पायरीवर बसली. कोंडाबाई तिच्या शेजारी बसली. त्या दोघींचं बोलणं मी ऐकलं.

"आत्याबाईला पानी दिलं मी," चांगुणा म्हणाली. "तोंडाला लावनार, तवर त्येनी इचारलं, ह्यो तांब्या कुनाचा?"

कोंडाबाई आणखी जवळ सरकली.

"मी खरं सांगितलं. त्येनी तोंड भितीकडं केलं. मी पाया पडले. पोरीला पुढं केलं, पोरगी मनली, आजी पी. पर त्येनी दात उघडलं न्हाईत. खोटं बोलले असते तर वाचल्या असत्या का वं, मावशी?"

"त्यास्नी तहान लागली व्हती का?"

"लई," चांगुणा म्हणाली आणि मोठ्यानं रडू लागली. कोंडाबाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि तिचेही डोळे भरून आले. ओट्यावरून तांब्या ढकलणाऱ्या बाईसाठी ती रडली. मीही रडलो असतो, पण लोखंडाला पाणी आलं की त्याला लोक गंज म्हणतात.

लिंबाजी आला, आईचे दिवस घातले, आणि मग वस्तीच्या वाटेवर उभा राहून म्हणाला, की गळ आता आमच्या घरी नको. माझ्यावर त्याचा राग होता की स्वतःवर, ते मला कधी कळलं नाही. मी कोंडाबाईकडं राहिलो. गळ परत गेला नाही, म्हणून तांब्याही परत आला नाही. पण चांगुणा बारवेवर पाणी भरायला यायची ती आता पायऱ्या उतरून यायची, आणि गोट विकून आलेल्या पैशांतून तिनं तिथं नवा दोर आणून बांधला.

पुढं लातूर जिल्हा झाला. गाड्या आल्या, साहेब आले, भाषणं झाली. हातपंप बसला, मग टाकी, मग नळ. नळात पोहरा पडत नाही, त्यामुळं माझी गरज संपली. कोंडाबाई गेल्यावर मला समाजमंदिराच्या कोपऱ्यात ठेवलं. तिथून बारव दिसते. हल्ली लोक तिच्यात निर्माल्य टाकतात, प्लास्टिकच्या पिशवीला गाठ मारून टाकतात. गेल्या उन्हाळ्यात पुन्हा टँकर सुरू झाले, आणि मी सकाळी सकाळी त्या पायऱ्यांकडं पाहत होतो. किडे होते, पण त्यांना खायला पाण्यातून कुणीही वर आलं नाही. पूर्वी मरळ वर आले की मला भीती वाटायची. आता ते येत नाहीत, याची त्याहून जास्त वाटते.

मित्रांनो, मी गळ आहे, म्हणून तुम्हाला गळ घालतो. पाण्याला काही द्यायचं असेल तर ते काठावर ठेवा, पाण्यात टाकू नका. पाण्यातला जीव पाणी सोडून बाहेर येत असेल, तर त्याला हात जोडण्याआधी पाणी हुंगून पाहा. आणि तहान लागलेली असताना कुणी पाणी पुढं केलं, तर भांडं कुणाचं म्हणून विचारू नका. माझ्या गुरम्मानं विचारलं, आणि तिला उचलून नेलं तेव्हा तिच्या उशाशी तो तांब्या काठोकाठ भरलेला होता.